बुडाला दरवर्षी तेच फोड: जुन्या शिडाच्या होडीची दुरुस्ती टिकत का नाही

तक्रार ओळखीची आहे. होडी पाण्याबाहेर काढली, बुडावरचे फोड फोडले, घासले, लांबी भरली, रंगाचे दोन हात दिले. बूड नव्यासारखं दिसलं. पुढच्या हंगामात होडी पुन्हा वर घेतली तर त्याच पट्ट्यात, कधी अगदी भरलेल्या खड्ड्याच्या कडेलाच, फोड हजर. मग लांबीचा ब्रँड बदलतो, रंग महागातला येतो, आणि वर्षभराने पुन्हा तेच.

माझं मत आधीच सांगून टाकतो. यातल्या बहुतेक दुरुस्त्या भरताना बिघडत नाहीत, भरण्याआधी बिघडतात. जे आतून काढायला हवं होतं ते तसंच ठेवून वर झाकण बसवलेलं असतं. खालचं सगळं फायबरग्लासच्या होडीबद्दल आहे, म्हणजे पॉलिस्टर रेझिन, काचेचं मॅट आणि वर जेलकोट, म्हणजे रेझिनचाच बाहेरचा चकचकीत थर. लाकडी होडीचा मामला वेगळा आहे, त्याबद्दल पुढे थोडं.

आधी पोपडा उलटा करून बघा

मशीन लावायच्या आधी थोडा वेळ नुसतं बघण्यात घालवा. पटाशीच्या टोकाने रंगाचा सुटलेला पोपडा अलगद उचला आणि त्याची पाठ बघा. बिघाड कुठल्या थरात आहे हे तिथे कळतं. पाठ गुळगुळीत आणि चकचकीत असेल तर रंगाला खाली पकडच मिळाली नव्हती: घासलं कमी, किंवा मेण राहिलं. पाठीला पांढरी भुकटी असेल तर घासल्यावरची धूळ न पुसताच रंग मारलाय. पाठीला खालच्या जुन्या रंगाचा पातळ पापुद्रा चिकटून आला असेल तर नव्या रंगाला दोष देऊ नका. जुना थरच आतून तुटतोय, आणि त्याच्यावर काहीही मारलं तरी ते त्याच्यासकट सुटणार. वर्षानुवर्षं अँटिफाउलिंगवर (शेवाळ-शिंपले चिकटू न देणाऱ्या रंगावर) अँटिफाउलिंग चढवलेल्या बुडाचं हेच होतं. अशा वेळी फक्त सुटलेली जागा घासून भागत नाही, सगळा ढीग उतरवावा लागतो.

आता फोड. डोळ्यांवर गॉगल आणि हातात मोजे घालूनच तो टोचा, कारण आतला द्रव दाबाखाली असतो. चिळकांडी उडते आणि नेमकी तोंडाच्या दिशेने येते. आतून साधं पाणी निघालं, वास नाही, आणि फोडाच्या तळाशी जेलकोट शाबूत दिसतोय, तर बिघाड रंगाच्या थरांपुरता आहे. सुटकेचा निःश्वास टाका. द्रव बोटांमध्ये चोळल्यावर तेलकट-चिकट लागला, व्हिनेगरसारखा आंबट किंवा रेझिनचा उग्र वास आला, निळा लिटमस कागद लाल झाला, तर ते ऑस्मोसिस, म्हणजे जेलकोटमधून पाणी आत ओढलं जाऊन उठलेले फोड. फोडाच्या तळाशी काचेचे पांढरट, कोरडे दिसणारे तंतू उघडे पडले असतील तर पाणी जेलकोट ओलांडून लॅमिनेटमध्ये, म्हणजे रेझिन आणि काचेच्या मूळ थरांमध्ये शिरलंय. हातोडीच्या प्लास्टिकच्या मुठीने आजूबाजूला वाजवून बघा. घट्ट जागेचा आवाज खणखणीत येतो, थर सुटलेल्या जागेचा बद्द.

एक फोड बघून निकाल देऊ नका. बुडाच्या वेगवेगळ्या भागांतले निदान पाच-सहा उघडा. एकाच होडीवर दोन्ही प्रकार सुखाने नांदतात.

आणि फोड जर चौकोनी ठिगळासारख्या जागेतच पुन्हा पुन्हा येत असतील, तर होडी उभी करताना टेकू कुठे लागतात ते आठवा. टेकूच्या पॅडखालची जागा दर वेळी न घासता, न धुता, न रंगवता राहते. टेकू हलवून त्या जागाही करायच्या असतात. मात्र एका वेळी एकच टेकू, समोरासमोरचे टेकू साखळीने एकमेकांना बांधलेले, आणि हे काम माहीत असलेला माणूस शेजारी हवा. होडी टेकूवरून घसरली तर फोडांची काळजी उरत नाही.

वाळवलं, पण धुतलं का?

जेलकोट दिसायला काचेसारखा असला तरी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो आणि पूर्ण जलरोधक नसतो. पाण्याचे रेणू त्यातून अगदी हळू आत झिरपतात. आत त्यांना पाण्यात विरघळणारा माल भेटतो: रेझिनमधलं न जुळलेलं ग्लायकॉल, मॅटचे तंतू एकत्र धरायला वापरलेला बाइंडर. १९८७ साली अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड विद्यापीठात फोडांच्या कारणांचा अभ्यास झाला, त्याचाही रोख याच विरघळणाऱ्या द्रव्यांकडे होता. पाण्यात ती विरघळली की आत एक दाट द्रावण तयार होतं. ते बाहेरचं पाणी आत ओढतं, पण त्याचे स्वतःचे मोठे रेणू जेलकोटमधून बाहेर पडू शकत नाहीत. दाब वाढतो आणि जेलकोट फुगतो. म्हणून समुद्रापेक्षा गोड्या पाण्यात आणि थंडपेक्षा कोमट पाण्यात हा रोग लवकर वाढतो.

आता दरवर्षीच्या दुरुस्तीकडे या. फोड उघडला, उन्हात महिनाभर ठेवला, हाताला कोरडा लागला, भरला. पाणी उडून गेलं हे खरं. ग्लायकॉल गेलं नाही. पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळतं, प्रोपिलीन ग्लायकॉल १८८ अंशांना. उन्हातल्या बुडावरून ते कधीच उडून जाणार नाही. ते खड्ड्याच्या भिंतीत बसून राहतं आणि हवेतली ओल शोषत राहतं. वर इपॉक्सी भरली की आतलं द्रावण पुन्हा कामाला लागतं, फक्त आता ते भरलेल्या गोळ्याच्या कडेने वाट शोधतं. म्हणून नवा फोड जुन्याच्या काठावर येतो.

हे डोळ्यांनी बघता येतं. उघडलेला खड्डा दोन-तीन दिवस उन्हात राहू द्या आणि सकाळी लवकर जाऊन बघा. खड्ड्याचा मध्य फिकट, कोरडा दिसेल, पण कडेला काळपट ओलसर कडं असेल आणि त्यावर घामासारखे बारीक थेंब. बोट लावलं तर चिकटतं. सगळं बूड कोरडं असताना तेवढीच जागा घामेजते, याचा अर्थ आत माल शिल्लक आहे.

उपाय कंटाळवाणा आहे, पण काम तोच करतो: धुणं. गोड्या पाण्याने, शक्य तर गरम पाण्याने, प्रेशर वॉशर मारून प्रत्येक उघडा खड्डा धुवा. वाळू द्या. पुन्हा धुवा. ग्लायकॉल पाण्यात सहज विरघळतं, म्हणजे ज्या पाण्याने घोटाळा केला तेच पाणी तो बाहेर काढतं. वाळवण्याच्या काळातही अधूनमधून धूत राहा. वाळत घातलेली होडी मुद्दाम भिजवायची हे अनेकांच्या मनाला पटत नाही आणि नेमकी हीच पायरी गाळली जाते. सकाळी कडा घामेजणं थांबलं आणि ओलसर खड्ड्याला लावलेला लिटमस लाल होईना, की धुणं पुरे. मग खरं वाळवणं सुरू. याला आठवडे लागतात, जाड लॅमिनेटला महिने.

त्याआधी खड्डा उघडतानाच नीट उघडा. नुसतं भोक पाडून आत लांबी कोंबू नका. ग्राइंडरने कडा तिरक्या करत बशीसारखा पसरट खड्डा करा आणि घट्ट, स्वच्छ, अर्धपारदर्शक लॅमिनेट लागेपर्यंत जा. पांढरट, मऊ किंवा वाजवल्यावर बद्द वाटणारं काहीही मागे ठेवू नका. पण फोड मोजके आणि नाण्याएवढे असतील तर सगळा जेलकोट सोलायला निघू नका. विखुरलेल्या चार फोडांनी होडी बुडत नाही. ते एकेक करून दुरुस्त करा आणि दर हंगामात संख्या वाढते का बघा. सगळ्या बुडावर पुरळ उठल्यासारखं झालं असेल तरच सोलण्याचा विचार.

कोरडं झालं हे कसं ओळखायचं

ओलावा मोजायचं मीटर उपयोगी आहे, पण त्याच्या एका आकड्यावर विसंबू नका. तांबं असलेला अँटिफाउलिंग रंग, साचलेलं मीठ, आतल्या बाजूला त्याच जागी असलेलं बिल्जचं (होडीच्या आतल्या तळाचं) पाणी, यातलं काहीही मीटरला फसवतं. वॉटरलाइनच्या वरची, नेहमी कोरडी राहणारी जागा आधी मोजा आणि तो आकडा पाया धरा. बुडावर मार्करने ठरावीक जागा आखा आणि दर आठवड्याला तिथेच मोजा. आकडे उतरत जाऊन एका पातळीवर स्थिरावले, की कामाला लागा.

मीटर नसेल तर पारदर्शक प्लास्टिकचा साधारण ३० सेंटिमीटरचा चौकोन चारही बाजूंनी ॲल्युमिनियमच्या टेपने बुडावर पक्का चिकटवा आणि एक-दोन दिवस ठेवा. आतून वाफ धरली तर बूड अजून ओलं आहे. फुकटची परीक्षा आहे आणि मला तरी मीटरइतकाच तिच्यावर भरवसा वाटतो.

घासण्याआधी पुसा

क्रम इथे हमखास उलटा होतो. बुडावर साच्यातलं मेण, जुनं पॉलिश, ग्रीस असं काहीतरी असतंच. आधी घासलं तर पॉलिश पेपर ते मेण ओरखड्यांच्या आत दाबतो, आणि मग ते पुसून निघत नाही. म्हणून आधी मेण काढणाऱ्या सॉल्व्हंटने पुसा: एका फडक्याने लावायचं आणि वाळायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपून घ्यायचं. एकाच फडक्याने गोल गोल फिरवलं तर मेण फक्त इकडचं तिकडे जातं. मग पाणी शिंपडा. पाण्याचा सलग पडदा पसरला तर जागा स्वच्छ. थेंब गोळा होऊन पळाले तर पुन्हा पुसा.

जुना अँटिफाउलिंग कोरडा घासू नका. त्यात तांब्याची संयुगं असतात आणि फार जुन्या होडीच्या खालच्या थरांत ट्रायब्युटिल टिन हे विषारी संयुगही असू शकतं. या टिनवर बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार २००१ मध्ये स्वीकारला गेला आणि २००८ पासून लागू झाला, पण त्याआधी मारलेला रंग नव्या थरांखाली आहे तिथेच आहे. खरवडणी वापरा किंवा ओलं घासा, खाली ताडपत्री अंथरून सगळा गाळ गोळा करा, आणि तोंडाला धूळ व सॉल्व्हंट दोन्ही अडवणारा रबरी मास्क लावा. कापडी मास्क इथे शोभेचा.

पेपरच्या नंबरांचं गणित सोपं आहे, लहान नंबर म्हणजे खरखरीत पेपर. खड्डे खोलायला ३६ किंवा ४०, इपॉक्सीखालचा पृष्ठभाग तयार करायला ८०, वॉटरलाइनच्या वरच्या चकचकीत रंगाखाली मात्र २२० आणि पुढे. बूड हौसेने २२० ने गुळगुळीत करणारे पुष्कळ आहेत. त्यांचे पोपडे मागच्या बाजूने चकचकीत निघतात.

भरणं

पाण्याखाली इपॉक्सीच वापरा. गाडीच्या डेंटिंगसाठी मिळणारी पॉलिस्टरची लांबी झटपट सेट होते आणि लोण्यासारखी घासली जाते, पण तिच्यातली शंखजिऱ्याची पूड पाणी पिते. ती वापरलेला खड्डा पुढच्या हंगामात तुम्ही स्वतःच उकरणार.

आधी खड्ड्यात नुसत्या पातळ इपॉक्सीचा एक हात, उघड्या तंतूंनी तो पिऊन घेईपर्यंत. तो चिकट असतानाच कोलॉइडल सिलिका ही बारीक पूड घालून घट्ट केलेली इपॉक्सी पातीने दाबून भरा. हवा कोंडू देऊ नका. खोल खड्डा एकदम भरला तर गोळा तापतो, म्हणून थराथराने. लॅमिनेटच आरपार गेलं असेल किंवा बरंचसं घासावं लागलं असेल तर लांबीने भागत नाही, काचेचं कापड हवं. तिथे कडेचा उतार जाडीच्या १२ पट ठेवायचा: ६ मिलिमीटर जाडी असेल तर भोकाच्या प्रत्येक बाजूला ७२ मिलिमीटर. खड्डा अचानक केवढा मोठा झाला असं वाटतं, पण जोड त्या उतारावरच धरतो.

पॉलिस्टरची सवय असलेले लोक घाई असली की हार्डनर थोडा जास्त टाकतात. पॉलिस्टरमध्ये तो उत्प्रेरक असतो, एक-दोन टक्क्यांत कमीजास्त चालतो. इपॉक्सीत हार्डनर हा मिश्रणातला जोडीदार आहे. प्रमाण चुकलं तर उरलेला भाग कायमचा मऊ राहतो आणि त्यावरचा प्रत्येक थर सुटतो. डब्यावरचं प्रमाण वजनाचं की मापाचं, हेही वाचा. दोन्ही आकडे वेगळे असतात.

सेट झालेल्या इपॉक्सीवर अनेकदा मेणचट, किंचित तेलकट पापुद्रा येतो, दमट हवेत जास्तच. तो थिनरने नाही, पाण्याने निघतो. ओल्या घासणीने चोळून धुवा, पुसा, मग घासा. न धुता घासलं तर पेपर लगेच भरतो आणि तो पापुद्रा ओरखड्यांत जातो. दोन हातांमधून सुटणाऱ्या रंगाचं हे सर्वांत दुर्लक्षित कारण आहे.

सपाटीबद्दल थोडक्यात. मऊ पॅडचं गोल फिरणारं मशीन हलकी लांबी पटकन खातं आणि शेजारचा कडक जेलकोट तसाच सोडतं, म्हणून भरलेल्या जागी खळगे पडतात. लवचीक लांब फळीला पेपर लावून तिरक्या फेऱ्यांनी घासा. आधी पेन्सिलीने जागा गिरगिटून ठेवा, जिथे शिसं उरतं तिथे खळगा. शर्यतीत उतरणार नसाल तर यावर जीव टाकू नका, बूड बघायला मासेच येतात.

बॅरिअर कोट आणि वेळेचं गणित

इपॉक्सी बॅरिअर कोटची, म्हणजे पाणी अडवणाऱ्या थराची, वाळल्यावरची एकूण जाडी साधारण २५० मायक्रॉनच्या वर हवी. किती हात लागतील ते डब्यावरच्या जाडीवरून काढा. एक हात करडा, एक पांढरा असे आलटूनपालटून द्या, सुटलेली जागा लगेच दिसते.

बुडाचं तापमान दवबिंदूच्या निदान ३ अंश वर हवं. सकाळच्या चढत्या उन्हात काम केलं तर खालच्या बारीक छिद्रांतली हवा प्रसरण पावते आणि ओल्या थरात सुईच्या टोकाएवढी भोकं पाडते. फार उशिरा केलं तर ओल्या थरावर दव बसतं. तापमान उतरायला लागल्यावर, पण दव पडायला बराच अवकाश असताना, जमेल तेवढाच पट्टा करा.

शेवटचा बॅरिअर कोट आणि पहिला अँटिफाउलिंग यांच्यामधली वेळ हुकली की पोपडे ठरलेले. अंगठा दाबा: ठसा उमटतो पण अंगठ्याला रंग लागत नाही, हीच वेळ. थर कडक झाला असेल तर न कंटाळता धुऊन ८० ने घासा आणि मगच अँटिफाउलिंग मारा.

रंगाचा नसलेला आजार

कील (बुडाखालचा जड कणा) आणि बुडाच्या जोडावर, विशेषतः पुढच्या कडेला, दरवर्षी तीच भेग येत असेल तर ती लांबीने बुजत नाही. जोड हलतोय. कीलचे बोल्ट आतून तपासून घ्या, गंजाचे ओघळ किंवा ओल दिसली तर जाणकाराला दाखवल्याशिवाय होडी पाण्यात सोडू नका. कठड्याच्या खांबांभोवती चांदणीसारख्या भेगा परतत असतील तर खाली आधाराची प्लेट हवी, कारण तिथला डेक लवतोय. लोखंडी कीलवर गंज फुगत असेल तर खड्ड्यांतलं मीठ गोड्या पाण्याने धुवा, चकचकीत धातू लागेपर्यंत घासा आणि तासाभरात इपॉक्सी प्रायमर मारा. दुसऱ्या दिवशीवर ठेवलं तर तांबूस थर आलेलाच असतो.

लाकडी, फळ्या शेजारी शेजारी ठोकलेल्या होडीत फळ्यांमधल्या फटी कडक इपॉक्सीने भरू नका. लाकूड पाण्यात फुगतं, भराव दबत नाही, मग फळी किंवा बरगडी तडकते. तिथे कापूस ठासून वरून लवचीक भराव. आणि अशी होडी उन्हात महिनोन्‌महिने वाळत ठेवणं हा तर उलटाच प्रकार.

शेवटी आत उतरा. बुडाला बाहेरून जेलकोट, बॅरिअर कोट, सगळं काही, आणि आतल्या बाजूला उघडं लॅमिनेट, ज्यावर बिल्जचं पाणी बारा महिने साचलेलं. ते पाणीही त्याच ग्लायकॉलपर्यंत पोचतं, फक्त विरुद्ध बाजूने. बाहेरचे फोड नेमके बिल्जच्या खाली किंवा पाण्याच्या टाकीखाली गोळा झाले असतील तर बाहेरची दुरुस्ती कितीही चोख केली तरी ते येणार. बिल्ज रिकामं करून धुवा, वाळवा, आतूनही इपॉक्सीचे दोन हात द्या, आणि पाणी कुठून येतंय ते शोधा: प्रोपेलरच्या दांड्याची पॅकिंग, डेकवरच्या फिटिंगा, टाकीचा जोड. दुरुस्तीनंतर महिनाभराने बिल्जमध्ये कोरडी चिंधी ठेवून बघा, आठवड्याने ती कोरडीच मिळाली पाहिजे.